घरातला छोटा सर्व्हर आणि रॅमची ‘कमाल मर्यादा’

आपल्या घरांतल्या आठवणी आता अल्बममध्ये राहत नाहीत. मुलीच्या निकाहचे फोटो एका फोनमध्ये, अब्बांच्या आवाजातली तिलावत दुसऱ्याच्या फोनमध्ये, सातबारे आणि मुलांच्या मार्कशीट स्कॅन करून कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये. फोन पाण्यात पडला की त्यातलं सगळं गेलं. म्हणून अलीकडे काही घरांत एक छोटा डबा येऊ लागला आहे. दोन किंवा चार हार्ड डिस्क मावतील एवढा, चोवीस तास चालू राहणारा आणि वायफायवरून घरातल्या सर्वांना फायली देणारा. त्याला नॅस म्हणतात; साध्या भाषेत घरचा सर्व्हर. कोकणात असे डबे बरेचदा आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाच्या बॅगेतून येतात.

डबा वर्ष-दोन वर्षं नीट चालतो. मग फोटो उघडायला वेळ लागतो आणि घरातला कॉलेजला जाणारा मुलगा म्हणतो, ‘अब्बू, याची मेमरी वाढवू या.’ इथे पहिला घोटाळा होतो. मेमरी म्हटलं की बहुतेकांना मेमरी कार्ड आठवतं, म्हणजे साठवणीची जागा. मुलगा बोलत असतो रॅमबद्दल. मी वर्गात हे असं सांगतो: हार्ड डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे टेबल. कपाट कितीही मोठं असलं तरी टेबल लहान असेल तर एक वही उघडण्यासाठी दुसरी मिटून आत ठेवावी लागते. रॅम वाढवली म्हणून एकही जास्तीचा फोटो मावत नाही.

आता खरा प्रश्न. डब्याच्या माहितीपत्रकात रॅमची कमाल मर्यादा दिलेली असते आणि मुलाला त्याहून मोठी स्टिक लावायची असते. चालेल का?

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. सिनॉलॉजी कंपनीचा डी.एस. २२० प्लस हा दोन डिस्कचा डबा २०२० साली आला. त्यात २ जीबी रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली आहे आणि एक स्लॉट रिकामा आहे. कंपनी म्हणते, त्यात ४ जीबीची स्टिक लावा, एकूण ६ जीबी. आतल्या इंटेल सेलेरॉन जे ४०२५ प्रोसेसरसाठी इंटेलने दिलेला आकडा आहे ८ जीबी. आणि तरीही जगभर अनेकांनी त्या स्लॉटमध्ये १६ जीबीची लॅपटॉपची डीडीआर ४ स्टिक बसवली आहे आणि डबा १८ जीबी दाखवतो, वापरतोही.

मग कंपनी खोटं बोलते का? नाही. आमच्या शाळेत तुकडीची मंजूर पटसंख्या असते. वर्गात प्रत्यक्षात किती मुलं दाटीवाटीने बसू शकतात हा आकडा वेगळा. मंजूर आकड्याची जबाबदारी वरचे घेतात. त्याहून जास्त बसवली तर जबाबदारी मुख्याध्यापकांची. रॅमचंही तसंच. माहितीपत्रकातला आकडा म्हणजे कंपनीने तपासून जबाबदारी घेतलेला आकडा. डबा बाजारात येतो तेव्हा मोठ्या स्टिक महाग किंवा दुर्मीळ असतात, म्हणून त्यांच्यासह तपासणी झालेलीच नसते. एचपीच्या एन ४० एल या छोट्या मायक्रोसर्व्हरचं हेच झालं. २०११च्या त्या यंत्राला दोन स्लॉट आणि अधिकृत मर्यादा ८ जीबी, म्हणजे ४-४ जीबीच्या दोन स्टिक. पुढे ८ जीबीच्या स्टिक सहज मिळू लागल्या, लोकांनी दोन लावल्या आणि १६ जीबी चालली. प्रत्येक बनावटीची नव्हे, पण बऱ्याच चालल्या.

इथवर वाचून कुणी स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठू नये. त्याच एचपीचा पुढचा मायक्रोसर्व्हर, जेन ८, २०१३ साली आला. त्याची मर्यादा १६ जीबी, दोन स्लॉट. इथे १६-१६ जीबीच्या दोन स्टिक लावून ३२ करू म्हटलं तर होत नाही. त्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग इतक्या दाट चिपा ओळखतच नाही. ही मंजूर पटसंख्या नव्हे, वर्गाची भिंतच. म्हणून ‘अमक्याच्या डब्यात चाललं’ हे तुमच्या डब्याला लागू होत नाही. मॉडेल तंतोतंत तेच असायला हवं.

आणखी एक बारकावा दुकानदारही सांगत नाहीत. एकाच क्षमतेची स्टिक दोन प्रकारे बनते: सोळा लहान चिपांची किंवा आठ दाट चिपांची. स्टिकवरच्या लेबलावर ‘२ आर बाय ८’ किंवा ‘१ आर बाय ८’ असं लिहिलेलं असतं. जुना प्रोसेसर पहिली ओळखेल आणि दुसरी नाकारेल असं होऊ शकतं. ज्याच्याकडे चालली त्याने कुठली लावली होती, हे लेबलापर्यंत जाऊन विचारावं.

डबा सुरूच झाला नाही तर फारसं बिघडत नाही. स्टिक काढायची, जुनी लावायची. भीती आहे ती अर्धवट चालण्याची. आमच्या ओळखीच्या एका घरात, डबा कुठला ते सोडा, जुन्या बाजारातली १६ जीबीची स्टिक लावली. डबा सुरू झाला, आकडाही बरोबर दिसला. दीड महिन्याने थोरल्या लेकीच्या निकाहचे फोटो उघडले तर काही फोटो अर्ध्यापासून खाली राखाडी. स्टिक सदोष होती. त्यांनी याच दिवसांत सगळे फोटो एका फोल्डरमधून दुसऱ्यात, नव्या डिस्कवर हलवले होते आणि ते सगळे त्या स्टिकमधून गेले होते. मूळ प्रती पनवेलला खालाजानकडे एका पोर्टेबल डिस्कवर होत्या म्हणून निभावलं.

हे नीट समजून घ्यावं. फाइल डिस्कवर जाण्याआधी रॅममधून जाते. मोठ्या सर्व्हरमध्ये ईसीसी नावाची रॅम असते, ती एखादा आकडा उलटला तर पकडते आणि दुरुस्त करते. एन ४० एल आणि जेन ८ मध्ये ती चालते, डी.एस. २२० प्लससारख्या घरगुती डब्यात नाही. काही जण म्हणतात, आमच्या डब्यात बीटीआरएफएस आहे, ती चुका पकडते. पकडते, पण डिस्कवरच्या. फाइल रॅममध्येच बिघडली असेल तर बिघडलेल्या फाइलीवरच ‘बरोबर’ असा शिक्का बसतो.

म्हणून नवी स्टिक लावल्यावर आधी चाचणी, मग काम. सिनॉलॉजीचं ‘असिस्टंट’ हे सॉफ्टवेअर संगणकावर घेतलं की त्यातून डब्याची रॅम तपासता येते. एचपीच्या यंत्रांना स्क्रीन जोडता येतो, तिथे पेनड्राइव्हवरून ‘मेमटेस्ट’ चालवावी. लॅपटॉपची स्टिक असेल तर डब्यात घालण्याआधी तशाच लॅपटॉपमध्येही ती तपासता येते. चाचणीला तास लागतात. रात्रभर चालू द्यावी. एकही चूक दिसली तर स्टिक परत. ‘एकच तर आहे’ हा हिशेब इथे चालत नाही. आणि पहिल्या दिवशी, काही उघडण्याआधी, पूर्ण डब्याची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क दुसऱ्या घरात ठेवावी.

पण मुळात गरज आहे का? माझं मत विचाराल तर बहुतेक घरांना नाही. फोटो, कागदपत्रं, फोनचा बॅकअप यांना २ जीबी पुरते. ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडून पाहा. रॅम जवळजवळ भरलेली दिसली तर घाबरू नका. ही यंत्रं मोकळी रॅम नुकत्याच वापरलेल्या फायलींसाठी स्वतःच वापरतात आणि गरज पडली की सोडतात. पाहायचं ते ‘स्वॅप’कडे. तो सतत चालू असेल तर टेबल खरंच अपुरं आहे. मुलगा त्या डब्यावर डॉकर चालवून काही शिकत असेल, तर मात्र रॅम हवीच. पण त्यालाही आधी अधिकृत मर्यादेतली ४ जीबीची स्टिक लावून महिनाभर पाहू द्या. अडचण संपली तर पुढचा खर्च आणि धोका दोन्ही वाचले.

संथपणाचं कारण बहुधा भलतीकडेच सापडतं. राउटर दुसऱ्या खोलीत असतो आणि फोन वायफायच्या शेवटच्या काडीवर. किंवा डिस्क म्हातारी झालेली असते, आणि तेव्हा पैसे रॅमवर नव्हे, नव्या डिस्कवर घालायचे असतात.

स्टिक लावायचीच ठरली तर डबा मेनूमधून बंद करा, प्लग काढा, एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून मग काम सुरू करा. डी.एस. २२० प्लसमध्ये डिस्कचे दोन्ही ट्रे बाहेर काढले की आतल्या बाजूला स्लॉट दिसतो. ट्रेंवर पेन्सिलीने १ आणि २ लिहून ठेवा, परत त्याच जागी घालता येतील. जुनी स्टिक असेल तर ती पाकिटात घालून जपा. उद्या कंपनीकडे तक्रार न्यायची वेळ आली तर आधी बाहेरची स्टिक काढायला सांगू शकतात.