एकविसाव्या कॉम्प्युटरला दार बंद

कापडाच्या पेढीत हिशेबाचा कॉम्प्युटर एकच असे ते दिवस गेले. आता काउंटरवर दोन, गोदामात दोन, बिलिंगला तीन, वर प्रिंटर आणि स्कॅनर. डेटा मात्र एकाच साध्या कॉम्प्युटरमध्ये, आणि त्याचे फोल्डर नेटवर्कवर सर्वांना खुले. कारभार लहान असेपर्यंत हे बिनबोभाट चालते. मग ऐन सीझनच्या गर्दीत एखाद्या मशीनवर संदेश येतो की समोरचा कॉम्प्युटर आणखी जोडण्या घेऊ शकत नाही. मेकॅनिक येतो, केबल बदलतो, स्विच बदलतो, बिल लावून जातो. दुखणे तसेच राहते.

कारण हा बिघाड नव्हेच, ही शर्त आहे. टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी विकलेली विंडोज ही सर्व्हर म्हणून विकलेली नाही. विंडोज एक्सपीच्या होम आवृत्तीला एका वेळी ५ कॉम्प्युटर जोडता येत, प्रोफेशनलला १०. विंडोज ७ पासून ही मर्यादा २० झाली, आणि विंडोज १० व ११ च्या लायसन्सातही २० च आहे. एका कॉम्प्युटरने चार फोल्डर उघडले तरी जोडणी एकच धरतात. पण थेट फोल्डरमध्ये कागद टाकणारा स्कॅनर किंवा तेच फोल्डर उघडणारा मोबाइल, हेही मोजणीत येतात. मालक फक्त टेबले मोजतो, म्हणून हिशेब जुळत नाही.

या मर्यादेवरून वादही जुनाच आहे. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० आणली, तेव्हा चाचणी आवृत्तीत स्वस्त ‘वर्कस्टेशन’ला दहा मिनिटांत दहाच वेगवेगळ्या पत्त्यांवरून जोडणी घेता येईल असे बंधन घातले होते. वेब सर्व्हर विकणाऱ्या ओरायली कंपनीने जोरदार हरकत घेतली. बंधन सॉफ्टवेअरमधून निघाले, पण लायसन्सच्या कागदावर दहाचा आकडा कायम राहिला. त्याच वर्षी मार्क रुसिनोविच आणि अँड्र्यू शुलमन यांनी दाखवून दिले की वर्कस्टेशन आणि महाग ‘सर्व्हर’ यांचा गाभा एकच आहे. फरक ठरतो तो मुख्यतः रजिस्ट्रीतल्या नोंदींवरून. एकाच ताग्याचे दोन तुकडे दोन लेबले लावून विकावेत, तसा प्रकार. व्यापारी म्हणून मला यात नवल वाटले नाही.

आता व्हर्च्युअल सर्व्हरची गोष्ट. एका कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने दुसरा कॉम्प्युटर चालवणे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हायपर-व्ही नावाची सोय त्यासाठीच आहे. पुष्कळांचा समज असा की आत सर्व्हर बसवला की मर्यादा संपली. अर्धे खरे आहे. आतल्या मशीनला ‘ब्रिज’ पद्धतीने जोडले तर त्याला नेटवर्कवर स्वतःचा वेगळा पत्ता मिळतो, आणि मग मर्यादा लागते ती आतल्या सिस्टिमची. आत पुन्हा साधीच विंडोज टाकली, तर तिलाही २० चीच मर्यादा आणि वर तिचे वेगळे लायसन्स. आत लिनक्स आणि सांबा टाकले, तर असा ठरावीक आकडा नाही. ‘नॅट’ पद्धतीने जोडले तर मात्र आतले मशीन बाहेरच्या मशीनच्या आड राहते. फाइल शेअरिंगचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्या विंडोजने आधीच धरलेले असते, त्यामुळे गोदामातला कॉम्प्युटर आतपर्यंत पोहोचतच नाही.

उरलेले अर्धे लायसन्समध्ये आहे. मध्ये एखादे यंत्र किंवा सॉफ्टवेअर बसवून अनेक जोडण्या एकीतून आणल्या, तरी मागची प्रत्येक मशीन वेगळी मोजली जाते, असे विंडोज १० च्या करारात स्पष्ट आहे. शिवाय डेस्कटॉप विंडोज सर्व्हर म्हणून वापरण्याची इजाजतच त्यात नाही. इंटरनेटवर मर्यादा ‘तोडून’ देणारे पॅच फुकट मिळतात. ज्या मशीनमध्ये वर्षाचा हिशेब आहे, त्यात असला अनोळखी माल घालू नये.

आधी मोजणी करावी. ज्या मशीनवर डेटा आहे तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट सेशन’ ही आज्ञा दिली की कोण कोण जोडलेले आहे त्याची यादी येते. रिकामी पडलेली जोडणी साधारण १५ मिनिटांनी आपोआप सुटते, पण फाइल उघडी ठेवून जेवायला गेलेल्या माणसाची जागा अडून राहू शकते. दहा-बारा मशीनच्या पेढीला एवढी शिस्त पुरते. आकडा वीसच्या जवळ जात असेल, तर फाइल साठवणारा वेगळा नॅस डबा किंवा लिनक्स घातलेला वेगळा कॉम्प्युटर घ्यावा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला विंडोज सर्व्हरच लागत असेल, तर त्याच्या किमतीबरोबर प्रत्येक माणसामागे किंवा मशीनमागे लागणारे वेगळे लायसन्सही कोटेशनमध्ये लिहून मागावे. विकणारे पहिली किंमत सांगतात, दुसरी डिलिव्हरीनंतर.