घर कोणासाठी, देखावा कोणासाठी?

आता आपण उदाहरणाकडे येऊ. ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट म्हणून नऊ घरांची एक वाडी आहे. जॉन हारफर्ड या क्वेकर बँकरनं 1811च्या सुमारास ती आपल्या इस्टेटीवरच्या थकलेल्या नोकरमाणसांसाठी बांधून घेतली. वास्तुकार होता जॉन नॅश.

मधे हिरवळ, तिच्यावर पाण्याचा पंप, आणि भोवती घरं. पण ओळीनं नाहीत, सहज विखुरल्यासारखी. एकासारखं दुसरं नाही. काहींची छपरं गवतानं शाकारलेली, काहींवर दगडी कौलं. कडेला पडव्या काढलेल्या. आणि धुराडी बघा! विटांची, नक्षीदार, घराच्या मानानं भलतीच उंच. हे नुसतं धूर जायला नाही, हे लांबून दिसायला आहे.

खऱ्या खेड्यात असा वेडेवाकडेपणा पिढ्यान्‌पिढ्या साचतो. कोणी पडवी वाढवतो, कोणी दार बुजवतो. इथे तो कागदावर आधी काढला, मग बांधला. त्या काळच्या ‘पिक्चरेस्क’ विचाराला, म्हणजे चित्रासारखं दिसण्याच्या ओढीला, हेच हवं होतं.

इथे कांट आठवतो. 1790च्या ग्रंथात तो विचारतो, समोरचा राजवाडा सुंदर आहे का? कोणी रूसोच्या थाटात म्हणेल, यात रयतेचा घाम गेलाय. कांट म्हणतो, कबूल, पण प्रश्न तो नव्हता. सौंदर्याचा निवाडा करताना आपला हितसंबंध बाजूला ठेवायचा.

हिरवळीवर उभं राहून बघणाऱ्याला हे जमतं. आत राहणाऱ्या म्हातारीला कसं जमावं? छप्पर गळतं का, चूल धुमसते का, हाच तिचा हितसंबंध. आम्हाला वाटतं, घराच्या बाबतीत कांटची अट अर्धीच चालते.

पण म्हणून हारफर्डला ढोंगी ठरवायची घाई नको. डॉर्सेटमधलं मिल्टन ॲबस बघा. तिथल्या लॉर्डनं नजरेला खुपतं म्हणून जुनं गावच पाडलं आणि 1780च्या सुमारास लोकांना जवळच्या दरीत एकसारख्या घरांत बसवलं. ब्लेझमध्ये नजर धन्याचीच होती, पण म्हाताऱ्यांना हक्काचं नाही तरी उबेचं छप्पर मिळालं.

1943पासून ही वाडी नॅशनल ट्रस्टकडे आहे. घरांत आजही माणसं राहतात. पाहुणे हिरवळीपर्यंत येतात, फोटो काढतात. आणि खिडक्यांना पडदे आहेत.