पुन्हा विकता येणारा खेळ

व्हिडिओ गेमवर मध्यमवर्गीय घराचे पैसे नेमके कुठे वाचले, याचा गेल्या तीसेक वर्षांचा हिशेब मांडला, तर बचत स्वस्त खरेदीतून कमी आणि पुन्हा विक्रीतून जास्त झालेली दिसते. नव्वदच्या दशकात जळगाव-धुळ्यासारख्या शहरांतल्या घरांत टीव्हीला जोडायचा जो गेम आला, तो बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल असे. एका कॅसेटवर हजारो खेळ असल्याचा दावा छापलेला आणि आत तेच पंधरा-वीस खेळ फिरून फिरून. तरी ती कॅसेट हातात धरता येणारी वस्तू होती. कंटाळा आला की मित्राशी अदलाबदल करायची, नाहीतर वर थोडे पैसे देऊन दुसरी घ्यायची. खेळाचा खर्च गल्लीभर वाटला जाई.

२००० साली जपानमध्ये आलेला प्लेस्टेशन २ पुढे आपल्याकडे पोचला आणि ही साखळी तुटली. यंत्रात चिप बसवायची आणि कॉपी केलेल्या डिस्क किरकोळ पैशांत घ्यायच्या, हा रिवाज पडला. वरवर पाहता याहून मोठी बचत नाही. पण कॉपी केलेल्या डिस्कला दुसरा गिऱ्हाईक नसतो, कारण त्यालाही नवी कॉपी तितक्याच पैशांत मिळते. जुन्या खेळांचा खरा बाजार उभा राहिला तो कॉपी करणं अवघड झाल्यावर. प्लेस्टेशन ३ भारतात २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला आणि बरीच वर्षं त्याचं कुलूप कुणाला उघडता आलं नाही. मूळ डिस्क घेण्यावाचून इलाज नव्हता. पुढे प्लेस्टेशन ४ चे मोठे खेळ ३,९९९ आणि प्लेस्टेशन ५ चे ४,९९९ रुपयांपर्यंत गेले. एवढी रक्कम गुंतवणारा माणूस मोटरसायकल घेताना जसा रिसेलचा विचार करतो, तसाच इथंही करू लागला. समजा, ४,९९९ ला घेतलेला खेळ दोन महिन्यांनी ३,००० ला गेला, तर खेळाची खरी किंमत १,९९९ पडली. तोच ३,००० ला घेऊन २,५०० ला विकणाऱ्याला तर तो ५०० रुपयांत पडला. मात्र पहिल्यानं नवा घेतला नसता, तर दुसऱ्याला तो मिळालाच नसता.

खानदेशात गिऱ्हाईक मोजके, मुंबईसारखी जुने खेळ घेणारी दुकानं नाहीत, हा आक्षेप खरा आहे. मोबाइल-संगणकासाठी जळगावचं गोलाणी मार्केट असलं, तरी ठरावीक खेळाची जुनी डिस्क हवी तेव्हा मिळेल याची खात्री नाही. पण डिस्क हलकी असते आणि कुरिअरनं कुठेही जाते. ओएलएक्ससारख्या जागी धुळ्याचा विकणारा आणि नाशिकचा घेणारा एकमेकांना सापडतो. धोका फसवणुकीचा, म्हणून पैसे देण्याआधी डिस्क यंत्रात चालतानाचा व्हिडिओ मागवावा. डिस्क हाती आली की उजेडात तिरपी धरून पाहावी. सीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून सुमारे १.२ मिलिमीटर आत असतो, या खेळांच्या ब्लू-रे डिस्कमध्ये जेमतेम ०.१. वरचं कडक आवरण बारीक ओरखडे सोसतं, पण खोल चरा गेला की पॉलिश करूनही डिस्क वाचत नाही. डिस्कऐवजी कुणी ‘अकाउंट’ विकू लागला तर घेऊ नये. कंपनीच्या नियमांत ते बसत नाही आणि मूळ मालक ते कधीही परत ताब्यात घेऊ शकतो.

जुन्या विक्रीतून खेळ बनवणाऱ्याला काहीच मिळत नाही, असं कंपन्या म्हणत आल्या. ईए कंपनीनं २०१० मध्ये ऑनलाइन पास आणला. जुनी डिस्क घेणाऱ्यानं ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळे पैसे भरावेत, अशी ती सोय २०१३ मध्ये कंपनीनं स्वतःच गुंडाळली. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वनसाठी जुन्या डिस्कवर बंधनं जाहीर केली आणि गिऱ्हाइकांच्या संतापापुढे काही दिवसांतच मागे घेतली. कंपन्यांचा युक्तिवाद अर्धाच आहे. परत विकता येईल या भरवशावरच अनेक जण पहिल्या आठवड्यात पूर्ण किंमत मोजतात, आणि ते पैसे कंपनीलाच जातात.

जे बंधनांनी साधलं नाही, ते डाउनलोडनं साधलं. डाउनलोड केलेला खेळ विकता येत नाही. सेलमध्ये तो निम्म्याहून कमी किमतीत मिळतो, हे कबूल. वर्षभर एकच फुटबॉलचा खेळ खेळणाऱ्याला किंवा फुकटचे खेळ पुरेसे असणाऱ्याला डाउनलोडच परवडेल. पण जो महिन्या-दोन महिन्यांनी नवा खेळ घेतो, त्याचं गणित वेगळं. २ फेब्रुवारी २०२१ ला प्लेस्टेशन ५ भारतात आला, तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा ३९,९९० रुपयांना होता. फरक १०,००० चा. प्रत्येक खेळ विकून २,५०० परत आले, तर चार खेळांत तो भरून निघतो. दिवाळीत यंत्र घेणाऱ्यांनी दुकानात जाण्याआधी, वर्षात आपण किती खेळ पुरे करतो, एवढं कागदावर मांडावं. आकडा चारच्या वर गेला, तर डिस्कवालंच घ्यावं.