डॉज चॅलेंजर : आठ सिलिंडरांचे सुख

‘मसल कार’ या अमेरिकी संज्ञेची व्याख्या केवळ अश्वशक्तीच्या आकड्याने होत नाही. मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या आणि बेताच्या किमतीच्या मोटारीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवणे, हे तिचे मूळ सूत्र होय. १९६४ साली पाँटिॲक कंपनीने आपल्या साध्या ‘टेम्पेस्ट’ गाडीत ६.४ लिटरचे इंजिन घालून ‘जीटीओ’ विक्रीस आणली, आणि या परंपरेचा आरंभ सामान्यतः तिच्यापासून मानला जातो. डॉज कंपनीची चॅलेंजर १९७० च्या हंगामात, म्हणजे उशिराच, या स्पर्धेत उतरली. प्रदूषणाचे कायदे कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महागले आणि १९७४ मध्ये ती बंद पडली. मध्यंतरी मित्सुबिशीने बनवलेल्या एका लहान गाडीला हेच नाव देण्यात आले होते, परंतु तिचा या परंपरेशी संबंध नाही. खरे पुनरागमन २००८ मध्ये, जुन्या गाडीचे लांब बॉनेट, आखूड काचा आणि रुंद खांदे जवळजवळ तसेच राखून झाले.

या आधुनिक चॅलेंजरचे आकर्षण तिच्या कमाल वेगात शोधणे चुकीचे ठरेल, कारण तिच्याहून चपळ आणि हलक्या गाड्या युरोपात व जपानमध्ये पुष्कळ आहेत. ते आकर्षण तिच्या ‘हेमी’ इंजिनाच्या स्वभावात आहे. हेमी म्हणजे ज्याचा ज्वलनकक्ष अर्धगोलाच्या आकाराकडे झुकतो असे इंजिन. त्याच्या ‘३९२’ या आवृत्तीत ६.४ लिटर क्षमता आठ सिलिंडरांत विभागलेली असल्याने एकेका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ८०० घनसेंटिमीटर येतात. ज्या मारुती ८०० ने भारतातील असंख्य कुटुंबांना पहिली मोटार दिली, तिचे तीन सिलिंडरांचे संपूर्ण इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे होते, हे ध्यानात घेतले की या यंत्राचे आकारमान मराठी वाचकाला नेमके जाणवते.

अशा इंजिनाचा खरा गुण टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारा पीळ, हा आहे. अश्वशक्ती हा पीळ किती वेगाने दिला जातो ते सांगते. ३९२ चा कमाल टॉर्क सुमारे ६४० न्यूटन-मीटर असून त्याचा मोठा भाग इंजिन संथ फिरत असतानाच हाती येतो. लहान क्षमतेच्या वेगवान गाडीत जोर मिळवण्यासाठी खालचा गिअर टाकून इंजिन उंच फेऱ्यांपर्यंत न्यावे लागते. चॅलेंजरमध्ये वरच्याच गिअरमध्ये पाऊल किंचित दाबले तरी सुमारे १,९०० किलोंची गाडी मागून कोणीतरी खांदा लावल्यासारखी पुढे सरकते. म्हणूनच तिचे सुख शर्यतीच्या मैदानासाठी राखून ठेवलेले नाही. ते महामार्गाच्या कायदेशीर वेगमर्यादेत, किंबहुना सिग्नल सुटल्यानंतरच्या पहिल्या शंभर मीटरांतही पुरेपूर मिळते.

दुसरे कारण ध्वनी होय, आणि त्याचा उगम यंत्ररचनेत आहे. पिस्टनची वरखाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. या इंजिनात त्याचे बाहू एकमेकांशी ९० अंशांचा कोन करतात, त्यामुळे समोरून पाहता क्रूसाचा आकार दिसतो. या मांडणीत इंजिन सुरळीत फिरते, पण स्फोटांचा क्रम डावीकडच्या व उजवीकडच्या चार-चार सिलिंडरांत आळीपाळीने न चालता मध्येच एका बाजूला लागोपाठ दोन स्फोट होतात. परिणामी प्रत्येक बाजूच्या सायलेन्सरपर्यंत धूर असमान अंतराने पोहोचतो आणि ती खोल, अडखळती घरघर उमटते. सम अंतराने स्फोट होणाऱ्या इंजिनाचा स्वर चढा व सलग असतो. अमेरिकी व्ही-८ ला ताल आहे, आणि चालक तो कानांइतकाच आसनातून आणि स्टिअरिंगमधून ग्रहण करतो. सहा गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स व जड क्लच यांसह ही गाडी घेणाऱ्याला हा संवाद सर्वांत स्पष्ट लाभतो.

दोषही लहान नाहीत. सुमारे पाच मीटर लांबीची ही गाडी वळणावर आपले वजन विसरू देत नाही, मागचे दृश्य अरुंद दिसते आणि शहरात लिटरमागे जेमतेम सहा किलोमीटर अंतर कापले जाते. २०१५ च्या ‘हेलकॅट’ आवृत्तीत सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरून आत दाबाने हवा कोंबणारा पंप, बसवून ७०७ अश्वशक्ती साधली गेली. तिच्यासोबत दोन किल्ल्या मिळत, लाल किल्ली पूर्ण शक्तीची आणि काळी ती सुमारे ५०० पर्यंत रोखणारी. इतकी शक्ती मागच्या दोनच चाकांवर सोपवणे हे अननुभवी हातांत धोक्याचेच आहे, आणि सर्वाधिक समाधान देणारी चॅलेंजर सुपरचार्जरविना असलेली ३९२ हीच मानली पाहिजे.

भारतीय चालकाच्या वाट्याला हे सुख फारसे आले नाही, कारण चॅलेंजर केवळ डाव्या स्टिअरिंगचीच बनली. उजव्या स्टिअरिंगची फोर्ड मस्टँग मात्र २०१६ मध्ये पाच लिटरच्या व्ही-८ सह भारतात विक्रीस आली. कॅनडातील ब्रॅम्प्टन येथील कारखान्यातून शेवटची चॅलेंजर डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडली. ती काळ्या रंगाची ‘डेमन १७०’ आवृत्ती होती.