दौत एक, लेखण्या दोन

लिहिण्याचीच नोकरी मिळावी आणि उरलेल्या वेळात स्वतःचे पुस्तक पुरे व्हावे, हे आजच्या बहुतेक तरुण लेखकांचे स्वप्न असते. मालिकांचे संवाद, वृत्तपत्रातले उपसंपादन, जाहिरातींचा मजकूर ही कामे हाताशी आहेत, पगारही मिळतो. मग कादंबरी का अडते? नगर जिल्ह्यातल्या काही लेखकांकडे पाहिले, तर या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे सापडतात.

राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे महिपती (१७१५–१७९०) गावचे कुलकर्णी. सारा, वसूलबाकी, जमाखर्च हे त्यांच्या लेखणीचे रोजचे काम. पूजा चालू असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला आणि उठावे लागले. त्या दिवसापासून ही लेखणी चाकरीसाठी उचलायची नाही, असे त्यांनी ठरवले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडला तरी 'भक्तविजय' (१७६२) आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) ही त्यांची संतचरित्रे आपल्यापुढे आहेत. पण हा मार्ग सगळ्यांचा नव्हे. महिपतींच्या मागे कीर्तनाची परंपरा आणि ऐकायला बसणारा गाव होता. आज राजीनामा देणाऱ्याच्या मागे बहुधा घराचा हप्ता असतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना मात्र लिहिण्याचीच नोकरी मिळाली. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये नगरला सुरू केलेल्या 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग त्यांनी १९१२ पासून सांभाळला. नगरच्या त्यांच्या घरी बालकवींसारखा तरुण कवीही राहून गेला. पण संपादकाला स्वतःच्या आधी दुसऱ्यांचे लिहिणे दुरुस्त करावे लागते, आणि अंक कोणासाठी थांबत नाही. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरेच होते. दोष एकट्या संपादनाचा नाही. प्रवचने, कीर्तने, माणसांची वर्दळ, सगळेच त्यात आले. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ६४ अध्यायांची भर घालून ते पुरे केले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंच्या आठवणी, 'स्मृतिचित्रे', १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. संसार ही त्यांची पूर्णवेळची, बिनपगारी नोकरी. आणि त्यांच्या गद्याचे सारे भांडवल तिथूनच आले.

रंगनाथ पठारे यांनी तिसरा मार्ग धरला. पारनेर तालुक्यातल्या जवळ्याचा हा लेखक संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत राहिला. दिवसाची भाषा सूत्रांची आणि प्रयोगशाळेची. कादंबरीची भाषा वेगळी. 'ताम्रपट' (१९९४) हा राजकारणाचा नि समाजाचा मोठा पट या नोकरीच्या काळातच उभा राहिला आणि १९९९ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरी करत टी. एस. एलियटने 'द वेस्ट लँड' (१९२२) लिहिले, तेही याच वाटेने.

नागराज मंजुळे यांचा मार्ग याहून निराळा. जेऊरचा हा कवी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकायला आला. तिथे शिकताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभ्यासक्रमाचे काम आणि स्वतःचे सांगणे इथे एक झाले. असा योग क्वचित जुळतो.

राहिला सवडीचा प्रश्न. नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये पाच महिन्यांत लिहून काढले. पण इतकी सवड त्या भावाने कोण घेईल!

या साऱ्यांकडे पाहताना एक गोष्ट जाणवते. नोकरी लेखनाचा वेळ खाते, हे खरे. पण वेळ रविवारी भरून काढता येतो. लिहिण्याची नोकरी शब्दच खर्च करते. आठ तास दुसऱ्यासाठी वाक्ये घडवून घरी आलेल्या माणसाकडे रात्री वेळ असतो, दौत मात्र कोरडी असते. म्हणून स्वप्नातली नोकरी समोर आली, तर पगार विचारावाच. पण त्याबरोबर ती आपल्या भाषेतला कोणता भाग मागते, हेही पाहावे. बातमी मागत असेल तर कविता वाचू शकते. कथाच मागत असेल, तर स्वतःची कथा सकाळी, कामावर जाण्याआधी लिहावी. दिवसाचा पहिला शब्द मालकाला देऊ नये.