पित्ताची गोळी : जरा जपून!

मित्रांनो, सबमिशनचा आठवडा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. रात्री तीनपर्यंत शीट्स, मधेमधे चहा, सकाळी उपाशीपोटी वडापाव आणि मग छातीत जळजळ! लगेच रूम पार्टनरच्या डब्यातली एक गोळी टाकायची. चालतंय की!

पण खरंच चालतं का?

आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. ते तयार करणारे सूक्ष्म पंप जठराच्या भिंतीत असतात. सोडा किंवा जेल अँटासिड तयार झालेलं आम्ल तेवढं मारतं. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या गोळ्या पंपच बंद करतात. नीरा डाव्या कालव्यावरच्या मोटारी पाहिलेल्यांना फरक लगेच कळेल : एक शेतात साचलेलं पाणी काढणं, दुसरं मोटारच बंद करणं. जेवणाने पंप चालू होतात आणि चालू पंपालाच गोळी धरते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, जळजळ सुरू झाल्यावर नाही.

मोटार कायमची बंद ठेवली तर? वर्षानुवर्षं गोळी घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं, हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. बरेच दिवस घेऊन अचानक सोडली तर आम्ल उलट उसळी मारतं! म्हणून स्वतःच्या मनाने १४ दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये. अँटासिड आणि लोहाची गोळी किंवा काही अँटिबायोटिक्स यांच्यात निदान दोन तासांचं अंतर हवं. रक्तदाबवाल्यांनी सोड्यापासून जपावं, त्यात सोडियम असतं. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अँटासिडसुद्धा नको.

जुनी चिठ्ठी दाखवून जुनीच गोळी मागू नका. रॅनिटिडीन आपल्याकडे घरोघरी होती. २०१९ मध्ये तिच्यात एनडीएमए हा कर्करोगकारक मानला जाणारा घटक सापडला. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढायला सांगितली आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ती वगळली गेली.

आता घरची गोष्ट. आमचे चुलते इंदापूर तालुक्यात असतात. एकदा रात्री उसाला दारं धरून आले आणि म्हणाले, "छातीत पित्त झालंय." सोडा घेतला, गोळी घेतली. घाम काही थांबेना, डावा हात दुखू लागला. काकूंनी कुणाचं न ऐकता जीप बोलावली. तो हार्ट अटॅक होता! वेळेत नेलं म्हणून वाचले.

तेव्हा दोस्तांनो, छातीत दाब, घाम, धाप, हात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणं असतील तर गोळी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं किंवा कारण नसताना वजन घटणं, यातलं काहीही दिसलं की डॉक्टरकडे जा.

आणि सबमिशन? ते वेळेवर सुरू केलं तर निम्मी ऍसिडिटी तिथेच जाईल!