शनिवारी सकाळी सराव आहे

रेक्याविक : आइसलँडमध्ये वीस वर्षांखालच्या कुणालाही दारू विकता येत नाही. हा नियम 1998 सालीही होता. तरी त्या वर्षीच्या सर्वेक्षणात 15-16 वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी 42 टक्के जणांनी गेल्या महिनाभरात आपण झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं. 2016 मध्ये असे 5 टक्केच उरले. विक्रीचं वय तेच आणि मुलं बदललेली, म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं. मला ते मुलांच्या ध्येयांत दिसतं. मात्र मराठी घरांत आपण ज्याला ध्येय म्हणतो ते हे नव्हे.

आपल्याकडे ध्येय म्हणजे जेईई, नीट, यूपीएससी. वर्षानुवर्षं लांब दिसणारं एक दार. असं ध्येय दार उघडेपर्यंतच राखण करतं. जपानमध्ये प्रवेशपरीक्षेसाठी जिवाचं रान केलेली मुलं विद्यापीठात येतात आणि क्लबांच्या स्वागतपार्ट्यांत 'इक्की, इक्की'च्या गजरात एका दमात ग्लास रिकामा करायला लावली जातात. त्यात जीवही गेले आहेत. जिद्दीत ही मुलं कुठेही कमी नव्हती. आइसलँडने ध्येय जवळ आणलं : गुरुवारी हँडबॉल, शनिवारी सकाळी पुन्हा सराव, शिकवायला प्रशिक्षित पगारी प्रशिक्षक. क्लब किंवा संगीतशाळेची फी परवडावी म्हणून रेक्याविक पालिका 2007 पासून प्रत्येक मुलामागे अनुदान देते. हिवाळ्यात 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी रात्री दहानंतर एकटं बाहेर राहायचं नाही, आणि पालक तसा आपसात करारही करतात. अंधारात बर्फ तुडवत आपण पोचलो नाही तर संघात एक जण कमी पडेल, ही जाणीव कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त पकड घेते.

चार लाख वस्तीच्या श्रीमंत देशाला हे जमतं, असं कुणी म्हणेल. पण 1998 मध्येही देश लहान आणि सधनच होता. युरोपात इतरत्रही मुलांचं पिणं घटलं, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. सगळं श्रेय एका योजनेला देणं मलाही पटत नाही. तरीही इथल्या संशोधकांना एक फरक आढळला : क्लबात प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळणारी मुलं कमी पितात, आपापलं खेळणाऱ्यांत तसं दिसत नाही. नुसत्या खेळाने भागत नाही, आपली वाट पाहणारं माणूस लागतं. म्हणूनच केवळ मैदानं बांधून हा गुण येईल असं मला वाटत नाही.

खरी ओढाताण सोळानंतर सुरू होते. संचारबंदी संपते, शाळा बदलते, बरेच जण संघ सोडतात. उच्च माध्यमिक शाळांच्या नाचाच्या कार्यक्रमात श्वासतपासणीच्या यंत्रात स्वेच्छेने फुंकायची सोय असते. आकडा शून्य आला की नाव 'एद्रूपोत्तुर'मध्ये, म्हणजे न प्यायलेल्यांच्या सोडतीत जातं. कल्पना प्रेमळ आहे, पण सोडत त्या एका रात्रीपुरती असते. शनिवारी सकाळी या मुलांची वाट पाहणारा संघ आता नसतो.